सायकलला अठ्ठावन्न चालतात

मी सायकल बोलतेय. हळू आवाजात बोलायची मला सवय नाही, आणि आता या वयात लावूनही घ्यायची नाही. गडद हिरवा रंग, पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअर, उजव्या हाताला घंटी. वस्तूने आपली कहाणी सांगायची म्हणजे रडगाणंच गायचं, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी इथेच पान उलटावं. मला रडायचं नाही. मला तक्रार करायची आहे, आणि ती तोंडावर करायची आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. सगळ्याच सायकलींचा होतो, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. नळ्या जोडल्या, रंग चढवला, तारा ताणून चाकं सरळ केली. शेवटी एका माणसाने मागचं चाक हाताने फिरवलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "चालेल." माझी आयुष्यात तेवढीच एक परीक्षा झाली. चाक फिरतंय का, एवढाच प्रश्न. पुढे जे काही भोगलं ते दुसऱ्यांच्या परीक्षांपायी.

मला विकत घेतलं एका शिंप्याने. शाळांचे गणवेश शिवणारा माणूस. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि दोहोंच्या मधे अरुंद बोळ, असं त्यांचं घर. मास्तरांनी मला चालवत आणलं नाही. हातगाडीवर आडवी घालून आणलं, टायरला माती लागू नये म्हणून. खरं तर तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

बोळात उभी केली तशा मास्तरांच्या दोन मुली धावत आल्या. थोरली पाचवीत, धाकटी पहिलीत. धाकटीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरायची नाही. थोरलीने माझ्या हँडलला नुसता हात लावला, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "थांब बाळा. आधी नव्वद टक्के. नव्वद आण आणि घेऊन जा."

"आणि नाही पडले तर?"

"पडतील. सायकल डोळ्यांसमोर असली की पडतील."

म्हणून माझ्या अंगावरचं प्लास्टिक काढलंच नाही. उलट कापडाच्या गठ्ठ्यांवरचं जाड प्लास्टिक आणून वर आणखी एक थर गुंडाळला. हवा भरता यावी म्हणून दोन्ही चाकांपाशी तेवढी भोकं ठेवली. थोरलीचं अभ्यासाचं टेबल बोळाच्या तोंडाशी हलवलं, तेही माझ्याकडे तोंड करून. मान वर केली की मी. वही मिटली की मी.

तिला माझ्यावर बसून फार लांब कुठे जायचं नव्हतं. पुलापलीकडे एक उतार होता. तिच्या वर्गातल्या मुली शाळा सुटली की सायकली घेऊन तिकडे जायच्या आणि पायडल न मारता खाली सुटायच्या. दुकानासमोरून जाताना घंटी वाजवून विचारायच्या, "येतेस का गं?" ती म्हणायची, "निकाल लागला की येते." पहिल्या वर्षी रोज विचारत. दुसऱ्या वर्षी कधीमधी. पुढे घंटी वाजायची ती गिऱ्हाइकाने वाटेतून सरकावं म्हणून.

मी मात्र त्या बोळात शिकले. मला कुणी शिकवलं नाही. थोरली मोठ्याने पाठ करायची आणि माझ्या कानावर पडायचं. पाढे, नद्या, कोणत्या धातूला गंज चढतो आणि का चढतो, सगळं येतं मला. गंजाचा धडा तर मी मन लावून ऐकला, माझ्या जिवाचाच प्रश्न होता. आणि माझी कुणी परीक्षा घेतली नाही म्हणून ते अजून आठवतं. थोरली पेपर देऊन आली की चार दिवसांत सगळं विसरायची. विसरलं नाही तर पुढच्या पेपराला जागा कुठून होणार?

दुकानातली एक सवय सांगते, म्हणजे तुम्हाला त्या घराची हवा कळेल. निकाल लागले की गणवेश शिवून घ्यायची गर्दी व्हायची. पोरगं समोर उभं राहिलं की मास्तर टेप लावायचे आणि मागे बाकावर बसलेली त्यांची बायको आकडे लिहून घ्यायची. "छाती सव्वीस. कंबर चोवीस. उंची..." आणि टेप गुंडाळता गुंडाळता, "टक्के किती?" पोरगं आईच्या तोंडाकडे बघायचं. आई छताकडे. ज्याला भरपूर पडलेले असत त्याची आई मात्र मास्तरांनी विचारायच्या आत सांगून मोकळी व्हायची. समोरच्या औषधाच्या दुकानातले काका तर खडू मागायला आले तरी मुलाचे शहाण्णव सांगून जायचे.

तुम्ही म्हणाल मास्तर वाईट होते. नव्हते. दर रविवारी ते शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन यायचे, प्लास्टिकच्या फटीतून माझ्या चेनला तेल द्यायचे, दोन्ही चाकांत हवा भरायचे. मला थोपटून म्हणायचे, "या वर्षी नक्की." स्वतः सातवीत शाळा सोडून मशीनवर बसलेला माणूस. हजारो पोरांचे गणवेश बेतले, स्वतःचा अर्ध्यातच उतरला. त्यांचं दुःख मला कळतं. पण त्यांच्या दुःखाला माझ्या अंगावरचं प्लास्टिक कशाला, हे मला कधी कळलं नाही.

पाचवीला थोरलीला चौऱ्याऐंशी पडले. सहावीला अठ्ठ्याऐंशी. दर निकालानंतर मास्तर पाना आणून, प्लास्टिक जरा सैल करून माझी सीट थोडी वर घ्यायचे. "पोरगी उंच होतेय, पुढच्या वर्षी बरोबर बसेल." सीटखालच्या नळीवर एक रेघ कोरलेली असते, तिच्या वर सीट घ्यायची नाही. सरकत सरकत मी त्या रेघेकडे निघाले होते आणि थोरली त्या नव्वदकडे. आम्ही दोघी एकमेकींना धरून टांगलेल्या.

सातवीला एकोणनव्वद पूर्णांक चार पडले.

"अहो, द्या की आता," तिची आई म्हणाली. "अर्ध्या टक्क्यासाठी काय अडवून धरता पोरीला."

"अर्धा टक्का म्हणजे अर्धा टक्का. कापड अर्धा इंच कमी पडलं तर शर्ट होतो का?"

"होतो. बाही जरा आखूड होते, एवढंच."

"आखूड बाहीचा शर्ट मी गिऱ्हाइकाला देत नाही."

"ती गिऱ्हाईक आहे का तुमची?"

मास्तरांनी मशीन सुरू केलं. त्या घरात वाद संपवायची तीच रीत होती.

थोरली गेलं वर्षभर बोलायचीच कमी. पेपरच्या सकाळी तिच्या वेणीचं टोक चावून चावून पार कुरतडलेलं असायचं. त्या दुपारी ती माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली, भोकातून हात घातला आणि माझ्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह दाबून धरला. सूंऽऽ करून सगळी हवा गेली. मग पुढच्या चाकाची. रविवारी मास्तर हवा भरताना पुटपुटले, "ट्यूब कुठेतरी गळतेय." मी गप्प राहिले. मग पुढचं वर्षभर अधूनमधून तसंच. तिला तेवढाच एक श्वास मोकळा सोडता येत होता, आणि तोही माझा. घे म्हटलं बाई, सगळा घे.

आठवीला तिला त्र्याण्णव पडले.

मास्तरांनी दुकान अर्ध्यावर थांबवलं. गिऱ्हाइकं तशीच उभी, औषधवाल्या काकांना फोटो काढायला हाक मारली. मला बोळातून दुकानात ओढलं आणि कापड बेतायच्या मोठ्या कात्रीने प्लास्टिक कापलं. चार वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला. रंग तसाच, घंटी तशीच चकचकीत. मला त्या चकचकीतपणाची शरम वाटली.

"बस बाळा," मास्तर म्हणाले. "फोटो काढू."

थोरली आईपेक्षा उंच झाली होती. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. "बाबा, मला येत नाही."

"काय येत नाही?"

"सायकल."

"अगं, तुझ्या वर्गातल्या सगळ्या पोरींना येते."

"त्यांच्याकडे सायकल होती."

कुणीतरी हसलं आणि हसता हसता थांबलं. मास्तर म्हणाले, "बरं, नुसती बस तरी." ती बसली. दोन्ही गुडघे हँडलला जाऊन आपटले. मास्तरांनी सवयीने पाना काढला, खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले. रेघ नळीच्या अगदी तोंडाशी आली होती. आता वर जायला जागा नव्हती.

"लोकांच्या पोरांच्या गणवेशात चार बोटं माया सोडता," त्यांची बायको बाकावरून म्हणाली, "पुढच्या वर्षी वाढतील म्हणून. आपली तेवढी वाढणार नव्हती का?"

औषधवाल्या काकांना शांतता सोसत नाही. ते म्हणाले, "त्यात काय मास्तर, धाकटी आहे की. तिच्या मापाची आहे बघा एकदम. तिला लावा आता नव्वद."

बुडत्याला फळी सापडावी तसा मास्तरांचा चेहरा उजळला. "हो. हे बरोबर. भिंगरीसाठी राहू दे. नव्वद पडले की." आणि त्यांनी खाली पडलेलं प्लास्टिक उचललं.

भिंगरी कपाटाला टेकून उभी होती. चौथीचा तिचा निकाल त्याच दिवशी लागला होता, अठ्ठावन्न. कुणी विचारला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग प्लास्टिककडे, आणि तिचा हात आपोआप वेणीच्या टोकाकडे गेला. तोंडाकडे नेलं तिने ते टोक.

ते मी पाहिलं. आणि थोरलीनेही पाहिलं.

"बाबा, ही मी मिळवली ना?"

"तूच मिळवलीस. त्र्याण्णव म्हणजे काय कमी आहेत?"

"म्हणजे माझी आहे."

"तुझीच आहे."

"मग मी कुणालाही देईन." ती उतरली, मास्तरांच्या हातातला पाना घेतला आणि माझी सीट खाली घेतली. पार खाली, चार वर्षांपूर्वी होती तिथे. "भिंगरे, ये. बस."

"अगं, तिला अठ्ठावन्न आहेत," मास्तर म्हणाले.

"सायकलला चालतात."

तिने मला दारातून रस्त्यावर काढलं. भिंगरी बसली. थोरलीने मागून कॅरिअर धरलं आणि पळत सुटली. "पुढे बघ. खाली नाही, पुढे. पायडल मार." मी चार वर्षं उभी राहिलेली, माझा प्रत्येक सांधा कुरकुरला, पण चाक फिरलं. कारखान्यातल्या त्या माणसाने सांगितलं होतं तसंच, चालत होतं. औषधाच्या दुकानापर्यंत गेलो आणि आडव्या झालो. भिंगरीचं कोपर सोललं, माझ्या मडगार्डला कोचा पडला. माझा पहिला कोचा. कुणी मला त्र्याण्णव टक्क्यांचा दाखला दिला असता तरी त्याच्याशी अदलाबदल केली नसती.

भिंगरी उठली, कोपर चाटलं आणि म्हणाली, "परत."

मास्तर दारात उभे होते, हातात प्लास्टिक घेऊन. मग एका मुलाची आई आतून म्हणाली, "मास्तर, आमचं माप राहिलंय." ते आत गेले, टेप लावला. छाती, कंबर, उंची. टेप गुंडाळताना नेहमीच्या जागी त्यांचं तोंड उघडलं. पोरगं आईकडे बघायला लागलं. मास्तर म्हणाले, "हात वर कर. काखेत घट्ट व्हायला नको."

पुढची गोष्ट तुम्हाला हवी तशी नाही. मोकळी सोडलेली पोर पुढच्या वर्षी वर्गात पहिली आली, असं ऐकायला तुम्ही टपून बसला असाल. नाही आली. भिंगरीला पाचवीला एकसष्ट पडले आणि ती एकसष्ट पडल्याच्या दिवशी उताराला गेली. आकडा कितीही आला तरी जायचं, हे ठरलेलंच होतं. आणि थोरली माझ्यावरच शिकली, गुडघे दोन्हीकडे फाकून, बेडकासारखी. तिच्या वर्गातल्या मुली हसल्या, तीही हसली. एकदा तो उतार ती माझ्यावरून सुटली तेव्हा तोंडाने काहीतरी गात होती. मला आवाज ओळखायला वेळ लागला, इतकी वर्षं मी त्या गळ्यातून फक्त पाठांतर ऐकलं होतं.

मास्तर अजून दर रविवारी तेलाची कुपी घेऊन येतात. टक्के मात्र अजून विचारतात, कधीमधी, जीभ घसरते. मग बायको बाकावरून खाकरते.

आता माझं काय राहिलंय ते सांगते. टोपली गेली. मडगार्ड तारेने बांधलंय. चेन पडते, भिंगरी रस्त्यातच चढवते आणि काळे हात फ्रॉकला पुसते. रंग ठिकठिकाणी उडालाय आणि तिथे गंज चढतोय, का चढतोय ते मला पाठ आहे. बोळातल्या चार वर्षांत माझं काहीही झिजलं नव्हतं. त्या चार वर्षांबद्दल मी कुणालाही माफ केलेलं नाही.

तुमच्या घरात कुठेतरी असेल माझी एखादी बहीण. सायकल नसेल, रंगांची पेटी असेल, चेंडू असेल, मावशीकडे आठ दिवस राहायला जाणं असेल. कपाटावर ठेवली असेल, आकडा आला की द्यायची म्हणून. पोरगं रोज मान वर करून बघत असेल आणि मनातल्या मनात वाढत असेल. कात्री घ्या आणि कापा ते प्लास्टिक. आजच. निकालाची तारीख बघू नका.

नाही कापणार? मग मी विनंती वगैरे करत बसत नाही. शाळा सुटलीय, भिंगरी आलीय, मला निघायचंय. माझ्या घंटीची टोपी हरवली, घसा बसल्यासारखी वाजते. पण वाजते. ऐकू येतेय ना? मग बाजूला व्हा.