चूलबंद आवतन

माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी सात वाजता मला कळलं, की माझ्या बापानं मला दगा दिलाय. कुणी येऊन सांगितलं नाही. गल्लीवरूनच कळलं.

कुरुंद्यातल्या आमच्या गल्लीत सकाळी सातला काय काय ऐकू येतं, ते मी डोळे मिटून सांगते. गंगूताईंच्या कुकरची शिट्टी, जी अर्धी वाजते आणि फुस्स होते. समोरच्या घरातली लसणाची फोडणी. पलीकडं भाकरी थापल्याचा आवाज. मला सगळंच जरा जास्त ऐकू येतं आणि वासही जास्त येतात. त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. नव्या साड्यांच्या घड्या मोडल्याची कुरकुर होती आणि इस्त्रीचा वास होता, बस्स.

अख्ख्या गल्लीत सकाळी एकही चूल पेटली नाही, याचा आमच्याकडं एकच अर्थ होतो. चूलबंद आवतन. लग्नाच्या जेवणाला बोलवायच्या आमच्या दोन तऱ्हा. घरटी एक माणूस, नाहीतर चूलबंद. चूलबंद म्हणजे पाळण्यातल्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्या घरानं यायचं आणि त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही.

आणि आमचं ठरलं होतं पन्नास माणसांचं. दोन्हीकडची मिळून पन्नास!

गर्दी मला झेपत नाही. लोकांना वाटतं मी घाबरते. घाबरत नाही, माणसं मला आवडतात. पण पाचशे माणसं एका जागी आली की प्रत्येकाचा आवाज, प्रत्येकाचं अत्तर, कुणाच्या सँडलचा चावा, कुणाचं रुसणं, सगळं एकदम माझ्या आत घुसतं आणि बसायला जागा मागतं. मग कानात शिट्टी वाजते, हात गार पडतात आणि पाय आपोआप दाराकडं वळतात. म्हणून तर मी वसमतला हळदीच्या गोदामात नमुने तपासायची नोकरी धरली. एक खोली, एक खिडकी, आणि हळद काही बोलत नाही.

साखरपुडा जवळा बाजारला झाला, देविदासच्या घरी. चारशे माणसं आणि वर डीजे. मी बारा मिनिटं टिकले. नंतर मी सापडले ती त्यांच्या सोयाबीनच्या कोठीत, दोन पोत्यांच्या मधे. शोधून काढलं देविदासनंच. तो आत आला नाही. दाराबाहेर बसून राहिला आणि थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या आत सरकवला. मला तो तिथंच पसंत पडला. पण त्याच्या आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "पोरीला काई तकलीफ हाय का?" आणि माझ्या होणाऱ्या सासूबाई त्यावर काहीच बोलल्या नाहीत. ते न बोलणं माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं.

पन्नास माणसांची कल्पना देविदासची. आणि माझी एकच इच्छा होती, की स्वतःच्या लग्नाला मी शेवटपर्यंत हजर असावं. दुसऱ्यांदा पोत्यांत सापडू नये.

मी अंगणात गेले. आबा नवा फेटा गुडघ्यावर घेऊन बसले होते.

"आबा, चूलबंद दिलं ना तुमी?"

आबांनी वर बघितलंच नाही. "तोंडातून निघालं गं माय."

"काहून?"

"तीन दिवसामागं भिवाजीनं पारावर सगळ्यायच्या समोर इचारलं. सोनाजी, आवतन घरटी एक का चूलबंद? सगळे माझ्या तोंडाकडं बघून राहिले होते. माझी थोरली लेक. कोणालाच न्हाई असं कसं म्हणू? जीभच वळंना."

भिवाजी म्हणजे गावभर आवतन देणारा माणूस. चाळीस वर्षांत त्यानं हा प्रश्न हजारदा विचारला असेल, आणि 'कोणालाच नाही' हे उत्तर त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं.

"किती घरं?"

"दीडशे." मग जरा हळू, "सात-आठशे माणूस व्हईल. सैपाक ग्यानबाच्या शेतात, आखाड्यावर चालू हाय. तू घाबरू नको, कमी पडणार न्हाई."

म्हणजे तीन दिवस हा माणूस कढया लपवत फिरत होता! मी भयंकर चिडले. माझी पंचाईत अशी, की चिडले की मला रडू येतं, त्यामुळं मी चिडलेय हे कुणाला खरंच वाटत नाही. माय हळदीचं ताट घेऊन बाहेर आली, तिनं दोघांकडं बघितलं आणि म्हणाली, "आता रागावून काय करती? लोकायनी चुली बंद ठिवल्या. त्यायला उपाशी ठिवती का?"

मी देविदासला फोन लावला. तो आधी हसला, मग माझा आवाज ऐकून हसायचा थांबला. "तू म्हणशील तसं करू. अक्षता पडल्या की मी गाडी काढतो, आपण निघू."

"न्हाई," मी म्हणाले. "लोकायनी चुली बंद ठेवल्यात." मायचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं, याचा मला आणखी राग आला.

अक्षता ठरल्याप्रमाणं अंगणात पडल्या, पन्नास माणसांत. मला प्रत्येक मंगलाष्टक ऐकू आलं. अंतरपाट सरला तेव्हा देविदासच्या कपाळावरच्या मुंडावळ्या तिरक्या झाल्या होत्या, आणि मी चक्क हसले. इथवर सगळं छान होतं. मग आम्ही भावकीतल्या ग्यानबाकाकांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर गेलो.

शेतातल्या चिंचांखाली मांडव होता आणि मांडवाबाहेरही माणसंच होती. मे महिन्याचं ऊन, अत्तर, घाम, बुंदीचं तूप, रडणारी लेकरं. एका टोकाला स्टेज, त्यावर लाल मखमली सोफा. गावानं आता ओळीनं वर यायचं, आहेर करायचा, फोटो काढायचा. फोटोग्राफर ओरडला, "ताई, इकडं बघा! हसा!" देविदासच्या आत्याबाई नेमक्या सोफ्याजवळच उभ्या होत्या आणि माझ्याकडं निरखून बघत होत्या. कानात शिट्टी सुरू झाली. हात गार पडले. देविदासनं माझ्याकडं बघितलं आणि नुसतं बाजूला होऊन वाट दिली.

पाय मला घेऊन गेले ते स्वयंपाकाच्या कनातीमागं. तिथं ग्यानबाकाका बुंदीच्या बादल्या भरत होते. भावकीतल्या प्रत्येक लग्नात वाढप्यांचे म्होरके तेच. नवरी समोर उभी बघून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पळून आली?"

"व्हय."

"मी बी असाच आलो होतो, माझ्या लग्नात. माझ्या चुलत्यानं हातात बादली दिली." त्यांनी मीठ चाखल्यासारखं तोंड केलं. "हे बघ, वाढप्यानं मान वर करायची न्हाई. पंगत बघायचीच न्हाई. पत्रावळ बघायची. एक झाली की पुढची. कुठवर ओळ हाय ते आपलं काम न्हाई."

आणि त्यांनी बुंदीची बादली माझ्या हातात दिली. मेंदीच्या हातात!

मी पदर खोचला आणि बाहेर पडले. पहिली पत्रावळ. वाढली. दुसरी. तिथं एक हात आडवा आला, "बस बस." पण बोटं मनापासून मिटलेली नव्हती, मला दिसलं ना ते. वाढली. पत्रावळीचा मालक खुशीत हसला. पुढं गंगूताई. त्यांना दात नाहीत आणि त्या कधीच काही मागत नाहीत. पहिल्या फेरीची बुंदी नुसतीच कोपऱ्यात सारून ठेवली होती. मी वरणवाल्याला थांबवलं, भात कालवून मऊ करायला लावला, कनातीमागून दूध मागवून बुंदीवर दोन चमचे घातलं. गंगूताईंनी वर बघितलं, "लेकरा, तुला कसं कळलं गं?"

कसं कळलं? मला आयुष्यभर असंच कळतं, आणि आयुष्यभर त्याचा ताप झाला. आज पहिल्यांदा ते कुणाच्या तरी पत्रावळीवर पडत होतं!

मजा यायला लागली. खरंच. आठशे माणसं कुठं गेली कोण जाणे, माझ्यासमोर प्रत्येक वेळी एकच माणूस असायचं, मांडी घालून बसलेलं आणि भुकेलं. अर्ध्या ओळीत मागून आवाज आला, "पाणी, पाणी!" देविदास. फेटा काढलेला, मुंडावळ्या खांद्यावर, हातात जग. "स्टेजवर कोण हाय मग?" मी विचारलं. "आत्या बसली सोफ्यावर. फोटो काढून राहिली."

बायकांत कुजबुज झाली. नवरीनं कधी वाढायचं असतं का? माय धावत आली, "अगं ये रेवती, लोक काय म्हणतील!" तेवढ्यात तिसऱ्या ओळीतून सासूबाईंचा आवाज आला. त्या त्यांच्या नणंदेला, म्हणजे आत्याबाईंना, बोलत होत्या, ज्या आता फोटो संपवून शेजारी जेवायला बसल्या होत्या. "कुठाय तकलीफ? मला तर सगळं बराबर मिळून राहिलं." मग माझ्याकडं वळून, "काहून थांबली? वाढ की. इकडं मठ्ठा बी पाठव."

घशातला काटा गेला. मी मठ्ठा स्वतः आणला, दोनदा.

सहा पंगती उठल्या. उन्हं कलली, चिंचांच्या सावल्या लांब झाल्या, गाव ढेकर देत घरी गेलं. शेवटची पंगत घरच्यांची आणि वाढप्यांची. यजमानानं सगळ्यांत शेवटी जेवायचं असतं. आबा ओळीच्या टोकाला बसले होते. सकाळपासून ते माझी नजर चुकवत होते. पत्रावळीवर बुंदीचे चार दाणे, त्यांच्याशीच खेळत होते. मी जवळ गेले तर त्यांनी हात आडवा धरला आणि उठायलाच लागले.

"बस झालं गं माय. भूक न्हाई."

हा हातही मला वाचता येत होता. सकाळचा राग मी शोधून बघितला, तो कुठल्या तरी पंगतीत सांडून गेला होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि बादलीत उरली होती तेवढी सगळी बुंदी त्यांच्या पत्रावळीवर उपडी केली.

"पोटभर जेवा, आबा," मी म्हणाले. "घरी आज चूल बंद हाय."