वहिनींची बाटली उशिरा आली

मित्रांनो, मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या आड एक पांढरी, कडांना गंज चढलेली पेटी उभी आहे. ती मी. मी एक जुनी ऊबपेटी आहे. लॅबमध्ये मला सगळे इन्क्युबेटर म्हणत. ऊबपेटी हे नाव मास्तरांनी ठेवलं, आणि मला तेच आवडतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दुहेरी पत्र्याच्या भिंती, आत तापणारी तार, एक काचेचं दार आणि त्यावर लोखंडी दार, एवढाच माझा देह. माणसाच्या अंगात जितकी ऊब असते तितकीच आत राखायची, कमी नाही की जास्त नाही, एवढी एकच गोष्ट मला शिकवलेली होती. मग ट्रकमध्ये धक्के खात मी एका छोट्या लॅबमध्ये आले. लॅब एका डॉक्टरीणबाईंची होती. बाहेर बाक, मग एक खिडकी, खिडकीच्या आत टेबल आणि टेबलाच्या शेजारी मी.

मास्तर तिथले टेक्निशियन. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण समोर येईल त्याला समजावून सांगायची त्यांना भारी हौस. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

माझं काम काय, ते सांगते, पण हसू नका हं! माझ्यात लघवीची तपासणी व्हायची. लघवीच्या मार्गात जंतू शिरले की जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, ओटीपोटात दुखतं. पण ते कोणते जंतू आहेत आणि कोणत्या औषधाने मरतील, हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यासाठी आधी त्यांना वाढवावं लागतं. मास्तर तारेच्या बारीक कड्याने बाटलीतली लघवी उचलत आणि काचेच्या चपट्या बशीतल्या जेलीसारख्या खाद्यावर तिच्या रेघोट्या ओढत. मग बशी पालथी करून माझ्या फळीवर ठेवत. सकाळपर्यंत रेघांवर ठिपके उगवलेले दिसायचे. ते जंतू दुसऱ्या बशीत पसरायचे आणि त्यांच्यावर औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या. ती बशी पुन्हा माझ्याकडे. जे औषध लागू पडायचं, त्याच्या चकतीभोवती जंतू उगवायचेच नाहीत. तिथे स्वच्छ गोल उमटायचा. तो गोल पाहून दवाखान्यातले डॉक्टर औषध ठरवायचे. ताप उतरलेली मुलं, पुन्हा शांत झोपू लागलेले म्हातारे, यांच्या बातम्या माझ्या कानावर यायच्या आणि मला धन्य वाटायचं.

मास्तरांचा आवाज खणखणीत होता. खिडकीतून बाटली देताना ते साऱ्या बाकाला ऐकू जाईल असं सांगत, "आधी स्वच्छ धुवा! पहिली धार सोडून द्या, मधली धार बाटलीत! झाकणाला आतून हात नको! आणि गोळ्या सुरू करण्याआधी नमुना द्या, नंतर नाही!" बाकावर खसखस पिकायची. एखादी बाई मान खाली घालून बाटली पर्समध्ये दडवायला लागली, की मास्तर म्हणायचे, "अहो ताई, लाजता काय? लघवीच आहे, सोनं नाही चोरलंत तुम्ही!" मग सगळे हसायचे. त्या बाईला हसू येत नसे. पण मास्तरांच्या मनात वाईट काही नव्हतं.

दुपारी त्यांची बायको डबा घेऊन यायची. तिला सगळे वहिनी म्हणत. वहिनी घरी शिवणकाम करायच्या. हातातला कपडा पुरा झाल्याशिवाय मशीनवरून उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही, असा त्यांचा खाक्या. डबा देऊन त्या माझ्या शेजारच्या स्टुलावर टेकत आणि थंडीत माझ्या दारावर तळवे ठेवत.

"अहो, ही तुमची पेटी म्हणजे माझी सवतच झाली," त्या म्हणायच्या. "दिवसभर हिच्याच तोंडाकडे बघत बसता."

"पण ही रुसत नाही गं," मास्तर म्हणायचे.

"रुसली तरी तुम्हाला कळणार आहे का?"

एका वर्षी वहिनी बदलल्यासारख्या वाटू लागल्या. डबा टेबलावर ठेवला की आधी आतल्या मोरीकडे जायच्या, आणि निघताना पुन्हा एकदा. स्टुलावर बसल्या तरी पोटाशी हात धरून. मास्तर डोकं खाली घालून रेघोट्या ओढत असायचे. एकदा त्यांनी विचारलं, "काय गं, जेवलीस का?" "जेवले," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्या दारावर हात टेकून उठल्या.

मित्रांनो, मी त्या हाताला ओळखत होते. पण त्या दिवशी तो माझ्या आतल्या उबेपेक्षाही गरम होता. माणसाच्या अंगात किती ऊब असावी हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? पण मला तोंड नाही. वहिनी डब्याची पिशवी उचलून हळूहळू निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनींऐवजी त्यांची लेक धावत आली.

"बाबा, आईला हुडहुडी भरलीय. पाठीत कळा येताहेत. काहीबाही बडबडतेय. तुम्ही लगेच चला."

मास्तर हातातली तार तशीच टाकून धावले.

परत आले ते छातीशी पिशवी धरून. पिशवीत बाटली होती. वहिनींना दवाखान्यात दाखल केलं होतं. पहिलं इंजेक्शन देण्याआधी मास्तरांनी हट्टाने नमुना घ्यायला लावला होता. चिठ्ठीवर बायकोचं नाव लिहिताना त्यांचं पेन दोनदा थांबलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, मी करते हे. तुम्ही त्यांच्यापाशी जा."

"नाही बाई. एवढं मला करू द्या."

त्यांनी रेघोट्या ओढल्या. आयुष्यभर सरळ आलेल्या रेघा त्या दिवशी वाकड्या आल्या. बशी माझ्या फळीवर ठेवली आणि दार लावलं.

मग वाट बघणं आलं. आजवर मी हजारो बशा सांभाळल्या, पण वेळ इतका जड कधी झाला नव्हता. जंतूंना वाढायला त्यांचा वेळ लागतो. मी जास्त तापले तर ते मरतील, कमी तापले तर उगवणार नाहीत. मला घाई करता येत नव्हती. मास्तर दवाखान्यातून येत, दार उघडून बघत, लावत, पुन्हा उघडत. अखेर डॉक्टरीणबाईंनी हळूच त्यांचा हात धरला. "मास्तर, दार लावा. ऊब जातेय." आजवर हे वाक्य मास्तर इतरांना सुनावत आले होते.

सकाळी बशी गच्च भरलेली होती. दवाखान्यात अंदाजाने औषध चालू होतं, पण ताप उतरत नव्हता. मास्तरांनी चकत्या ठेवल्या आणि दुसरी बशी माझ्या हवाली केली. पुन्हा तेच वाट बघणं.

ती बशी बाहेर काढली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात धरली. जवळजवळ सगळ्या चकत्यांना जंतू अगदी खेटून उगवले होते. फक्त दोन चकत्यांभोवती गोल होते. दवाखान्यात चालू असलेलं औषध त्या दोहोंत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी लगेच फोन लावला. औषध बदललं. पण तोवर जंतू रक्तात पसरले होते.

वहिनी परत आल्या नाहीत.

काही दिवसांनी मास्तर कामावर आले आणि टेबलाशी न जाता माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले.

"अजून थोडे दिवस घरी राहायचंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"घरी काय करू बाई? शिलाई मशीनकडे बघत बसू?" मास्तर म्हणाले. मग थांबून म्हणाले, "तिला कित्येक महिने त्रास होता. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घ्यायची. दोन घेतल्या, बरं वाटलं, की बंद. पुन्हा जळजळ, पुन्हा दोन. अर्धवट गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, उलट निबर होतात, हे मी जगाला ओरडून सांगतो. दवाखान्यात ती जरा शुद्धीवर असताना मी तिला विचारलं, अगं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुमच्याच लॅबमध्ये माझी बाटली येणार. तुम्ही खिडकीतून ओरडणार, बाकावरचे हसणार. मला लाज वाटली."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मास्तरांनी तो हातात धरला. प्यायले नाहीत.

त्यानंतर मी मास्तरांचा तो खणखणीत आवाज कधी ऐकला नाही. त्यांनी खिडकीला पडदा लावून घेतला. बाई आली की तिला आतल्या कोपऱ्यात बोलावत, कधी डॉक्टरीणबाईंनाच पुढे करत, आणि सगळं हळू सांगत. "किती दिवस त्रास आहे? आधी गोळ्या घेतल्यात का? घेतल्या असतील तर तसं सांगा, मी रागावणार नाही." पुष्कळ जणी मग मोकळेपणी बोलायच्या. त्या गेल्यावर मास्तर रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहायचे.

पुढे लेक नोकरीला लागली. एक दिवस ती सकाळीच लॅबमध्ये आली. बाकावर गर्दी होती. तिने खिडकीचा पडदा सारला आणि सगळ्यांदेखत बाटली टेबलावर ठेवली.

"बाबा, कालपासून जळजळतंय. मधली धार घेतलीय, गोळी घेतलेली नाही. माझं नाव लिहा, चांगलं मोठ्या अक्षरात."

बाकावर कोणी हसलं नाही. मास्तरांनी बाटली जवळ ओढली. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि नाव लिहिलं. तिच्या बशीत साधे जंतू निघाले. बहुतेक साऱ्या चकत्यांभोवती मोठे, स्वच्छ गोल होते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिने शेवटपर्यंत घेतल्या आणि ती ठणठणीत बरी झाली. तिचा रिपोर्ट टाइप करताना मास्तर हुंदका देऊन रडले. वहिनी गेल्यावर ते माझ्यासमोर रडले नव्हते.

मास्तर निवृत्त झाले. माझ्या दाराचं रबर झिजलं, ऊब टिकेना. नवं, चकचकीत यंत्र आलं आणि मला मागच्या खोलीत ढकललं. आता माझ्या फळ्यांवर जुन्या फायली आहेत. आतली तार थंड आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही. झिजलेल्या वस्तूला कधीतरी थांबावंच लागतं. पण वहिनींचा तो गरम हात मला अजून आठवतो, आणि वाटतं, बाटली थोडी आधी आली असती तर!

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. भरपूर पाणी प्या. लघवी दाबून ठेवू नका. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, आणि डॉक्टरांनी दिलेल्या अर्ध्यावर सोडू नका. जळजळ झाली तर ज्या दिवशी होईल त्याच दिवशी घरात सांगा. आणि तुमच्या आईला, आजीला, ताईला एकदा तरी हळू आवाजात विचारा, "तुला काही त्रास होतोय का गं?" विचारलंत की लगेच उठून जाऊ नका. ती सांगेपर्यंत तिच्याजवळ बसा.