बटणांच्या काउंटरमागची खुर्ची

मित्रांनो, खुर्ची म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर बडी माणसं येतात. हार घातलेली, भाषणं ठोकणारी. तसला माझा काही थाट नाही. मी लाकडाची, उंच पायांची आणि बुटक्या पाठीची एक जुनी खुर्ची आहे. माझं आयुष्य एका मोठ्या दुकानात, बटणांच्या काउंटरमागे गेलं. मला कधी गादी लाभली नाही आणि रंगही एकदाच लागला. तरी माझ्यावरून एकदा असं काही पेटलं की चांगल्या चांगल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेच आज तुम्हाला सांगते.

मला बनवलं ते नानांसाठी. नाना त्या दुकानातले सगळ्यात जुने विक्रेते. बटणं, लेस, चेन, अस्तर, दोरे असला बारीकसारीक माल ते विकत. उभं राहून राहून त्यांचे गुडघे कामातून गेले. तेव्हा मालकांनी सुताराला बोलावून सांगितलं, "काउंटरच्या उंचीला लागेल अशी खुर्ची कर. नाना बसले तरी गिऱ्हाइकाशी समोरासमोर बोलता आलं पाहिजे."

सुतार भारी बडबड्या होता. रंधा मारता मारता माझ्याशीच बोलायचा. "बाई गं, नीट उभी राहा. म्हातारा पडला तर नाव माझं जाईल." मी कधी त्याचं नाव जाऊ दिलं नाही. नाना बसले की मी साधी कुरकुरतही नसे. ते माझ्यावर बसूनच गिऱ्हाइकाच्या हातातला कापडाचा तुकडा बघत आणि मागच्या खणातून नेमकं त्याच रंगाचं बटण काढून देत. दुकानात कुणी पाहुणा आला की मालक त्याला मुद्दाम आमच्या काउंटरपाशी आणत. "आमच्या माणसांना आम्ही असं जपतो," असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारत. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा गुदगुल्या होत. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते.

पुढे नाना निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका बाईकडे तो काउंटर आला. सगळं दुकान तिला बटणताई म्हणे. हसरी, चपळ, जिभेची जरा तिखट. घरी सासू आणि नवरा. नवरा घरं रंगवायचा, पण ते काम कधी असे, कधी नसे. घर चालायचं ते हिच्या पगारावर.

त्याच सुमारास दुकानात नवा मॅनेजर आला. आल्या आल्या त्याची नजर माझ्यावर पडली.

"हे काय इथं? गिऱ्हाईक आत आलं की त्याला उभी माणसं दिसली पाहिजेत. बसलेली बाई दिसली की दुकान झोपलंय असं वाटतं. उचला हे."

गंमत बघा, मित्रांनो. मॅनेजरला स्वतःला फिरती खुर्ची होती. कॅशियरला गादीची खुर्ची होती. दुकान झोपायचं ते फक्त आम्हा बायकांमुळे! माझी रवानगी जिन्याखालच्या गोदामात झाली, रिकाम्या खोक्यांच्या सोबतीला. तिथल्या दाराला एक मोठी फट होती आणि त्या फटीतून बटणांचा काउंटर दिसे. बरं झालं म्हणावं की वाईट झालं, मला ठरवता येत नाही. कारण पुढचं सगळं मी त्या फटीतूनच पाहिलं.

बटणताईला दिवस गेले. पहिले काही महिने ती कुणाला कळू न देता राबली. मग तिचे पाय सुजायला लागले. चपला घालवेनात. डॉक्टरांनी बजावलं, दिवसभर उभं राहू नका, बाळाला धोका आहे. ती मॅनेजरकडे गेली. मॅनेजरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एकदा मालक दुकानात आले तेव्हा ती धीर करून त्यांच्यासमोर उभी राहिली. माझ्या फटीपासून दोन हातांवरच.

"मालक, अधूनमधून बसायला मिळालं तर बरं होईल. डॉक्टरांनी सांगितलंय."

"अगं, ते सगळं मॅनेजर बघतात. मी त्यांच्या कामात पडत नाही," असं म्हणून मालक मोबाइल कानाला लावून निघून गेले. माझ्या पाठीवर थाप मारणारे तेच मालक. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताई सरळ गोदामात आली. तिने माझ्यावरची धूळ पदराने पुसली, मला उचललं आणि काउंटरमागे नेऊन माझ्यावर बसली. अहाहा! किती दिवसांनी कुणी बसलं होतं! तिने एवढा मोठा श्वास सोडला की मलाही हलकं वाटलं. एक गिऱ्हाईक बाई तर म्हणाली, "बसा हो बसा, बटणं काय पळून जातात?" ताई हसली. बसल्या बसल्या तिने भराभर माल दाखवला. विक्री कुठेही अडली नाही.

तेवढ्यात मॅनेजर आला.

"ऊठ."

"साहेब, थोडा वेळच. नाना बसायचे ना इथं?"

"नानांचे गुडघे आजारी होते. तू आजारी आहेस का? घरची हौस घरी करायची. पोरं व्हायची असतील तर दुसऱ्याची जागा अडवू नका!"

शेजारच्या काउंटरवरची पोरगी, जिला सगळे छोटी म्हणत, नुसती फीत गुंडाळत राहिली. कॅशियरने मान वर केली नाही. ताईचे कान लाल झाले. ती उठली. मॅनेजरने मला फरफटत गोदामात नेलं आणि बाहेरून कुलूप घातलं. मी लाकडाची असून माझा संताप संताप झाला. पण खुर्ची करून करून काय करणार?

त्यानंतर मी रोज फटीला डोळा लावून असे. ताई कधी या पायावर, कधी त्या पायावर भार टाकायची. गिऱ्हाईक नसलं की खणांना टेकायची आणि मॅनेजरची चाहूल लागली की ताठ व्हायची. तिच्या पायांची पार लाकडं झाली होती, आणि लाकूड म्हणजे काय ते मला विचारा. नोकरी सोडावी तर घरात खायचं काय, आणि उभं राहावं तर पोटातल्या बाळाचं काय, अशा कात्रीत ती सापडली होती.

आणि एके दुपारी व्हायचं तेच झालं. वरच्या खणातला डबा काढताना ताईचा हात सुटला. डबा पडला, बटणं चहूकडे उधळली आणि पाठोपाठ ताई खाली कोसळली. छोटी किंचाळली. "गाडी बोलवा! अरे गाडी बोलवा कुणीतरी!" कॅशियर पळाला. तिला उचलून नेलं. मग बराच वेळ नुसती बटणं गोळा केल्याचा आवाज येत राहिला.

मित्रांनो, ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ताई वाचली का? बाळ वाचलं का? खुर्चीला कोण सांगणार! शेवटी खोकी न्यायला दोघी विक्रेत्या आल्या तेव्हा त्यांच्या कुजबुजण्यातून कळलं. "वेळेआधीच मुलगी झाली. मुठीएवढी आहे. काचेच्या पेटीत ठेवलीय. पण जगेल म्हणतात." माझा जीव भांड्यात पडला.

अंगात बळ आल्यावर ताई कामावर परत आली. मॅनेजरने तिला दारातच अडवलं. "तुझी जागा भरली. तू स्वतःच यायचं बंद केलंस."

"मी दवाखान्यात होते, साहेब. तुमच्यासमोरून उचलून नेलं मला."

"ते मला सांगू नकोस. बाईमाणसाचं हे असंच. आज एक, उद्या दुसरं."

ती रडली नाही. "बघते मी," एवढंच म्हणाली आणि थेट कामगार कार्यालयात जाऊन तिने तक्रार दिली.

चौकशी दुकानातच ठेवली होती, सुट्टीच्या दिवशी. कामगार अधिकारी म्हणून एक बाई आल्या. मालक, मॅनेजर आणि कॅशियर होते. ताई आली होती, आणि तिची सासू बाळाला छातीशी धरून. आपल्या चांगुलपणाची साक्ष द्यायला मालकांनी मॅनेजरला न सांगता नानांनाही बोलावलं होतं, पण ते गुडघ्यांमुळे अजून वाटेतच होते.

मॅनेजर अगदी शांतपणे बोलला. "मॅडम, या दुकानात काउंटरमागे बसायची पद्धतच नाही. पहिल्यापासून नाही. बाईला नाही आणि बाप्यालाही नाही. नियम सगळ्यांना सारखा, मग भेदभाव कसला?"

"खोटं आहे," ताई म्हणाली. "नाना बसायचे. खुर्ची होती इथं."

"कुठंय खुर्ची? दाखव ना."

अधिकारीबाईंनी कॅशियरकडे पाहिलं. कॅशियर वहीची पानं चाळू लागला. मालक छताकडे बघत होते. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. एव्हाना मला भंगारात काढलं असणार, असंच तिला वाटत होतं. हे खोटं खरं ठरलं असतं, तर तिची नोकरी कायमची गेली असती. मी आतून ओरडत होते, अगं मी इथं आहे, इथं! पण लाकडाला आवाज कुठला?

इतक्यात धापा टाकत नाना आले. सगळ्यांना नमस्कार करून उभे राहिले, आणि त्यांचे गुडघे लटलट कापायला लागले.

"अरे, नानांना बसायला काहीतरी द्या," मालक म्हणाले.

कॅशियर उठला. मॅनेजर काही बोलायच्या आत त्याने गल्ल्यातली किल्ली घेतली, गोदाम उघडलं, मला उचललं आणि सगळ्यांच्या मध्ये आणून ठेवलं. त्याने हे मुद्दाम केलं की त्याला भान नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. त्याचा चेहरा कोराच होता.

नानांनी मला पाहिलं मात्र! "अगं बाई! ही तर माझी खुर्ची!" ते माझ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी माझ्या कडा कुरवाळू लागले. "मॅडम, काय सांगू तुम्हाला! माझे गुडघे गेले तेव्हा मालकांनी खास माझ्यासाठी करून घेतली. एवढी वर्षं याच काउंटरमागे बसून नोकरी केली मी. असा देवमाणूस शोधून सापडायचा नाही!"

मॅनेजरचं तोंड एवढंसं झालं. नानांनी बावचळून सगळ्यांकडे पाहिलं. "का हो? माझं काही चुकलं का?"

"नाही नाना," अधिकारीबाई म्हणाल्या. "तुम्ही अगदी बरोबर बोललात."

मग मालकांनी घाईघाईने हात झटकले. "मॅडम, खुर्ची मी दिली होती, म्हणजे माझं मन साफ आहे ना? हिला नाही म्हणाला तो मॅनेजर. त्याचं तो बघेल."

"असं कसं मालक?" मॅनेजर उसळला. "दुकानाला शिस्त लावा, असं तुम्हीच मला सांगितलंत!"

"ही तुमच्याकडे आली होती का?" अधिकारीबाईंनी मालकांना विचारलं. मालक खिशातला मोबाइल चाचपू लागले.

"आली होती की!" सासूबाई ताडकन म्हणाल्या. "मीच पाठवली होती. म्हटलं, मोठी माणसं आहेत, समजून घेतील. कसलं काय!"

अधिकारीबाईंनी आवाज अजिबात चढवला नाही. "पुरुषाचे गुडघे दुखले तर त्याला खुर्ची मिळाली. डॉक्टरने सांगूनही गरोदर बाईला ती मिळाली नाही, वर तिची नोकरी काढून घेतली. यालाच भेदभाव म्हणतात. आणि मॅनेजर इथं त्याच्या घरचं काम करत नव्हता. दुकान तुमचं, त्याला अधिकार दिला तुम्ही. कामावर असताना तो जे वागला, ते तुम्हीच वागलात असं कायदा धरतो. शिवाय तुमच्या कानावर घालूनही तुम्ही गप्प बसलात. आता अंग काढून घेता येणार नाही."

निकाल ताईच्या बाजूने लागला. नोकरी परत मिळाली, मधला पगार मिळाला आणि प्रत्येक काउंटरमागे बसायची सोय करायचा हुकूम झाला.

ताई परत आली त्या दिवशी ती माझ्यावर बसली खरी, पण टोकावर. मॅनेजर अजून नोकरीत होता. दुपारी तो आमच्या काउंटरवरून गेला. ताईचे पाय आपोआप ताठ झाले आणि तिचं वजन माझ्यावरून उचललं गेलं. मॅनेजर थांबला. ताईने त्याच्याकडे पाहिलं, आणि हळूहळू परत खाली बसली. या वेळी पाठ टेकून. मॅनेजर पुढे गेला. ताईच्या बोटांतून मात्र किती तरी वेळ बटणं निसटत राहिली.

मित्रांनो, मला पॉलिश नको, गादी नको. माझी एकच विनवणी आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली माणसं असतील. त्यांच्यातलं कुणी थकलेलं दिसलं तर त्याला मागायला लावू नका. आपण होऊन खुर्ची पुढे करा. आणि त्यानंतर तुमची चाहूल लागल्यावर तो माणूस उठायला लागला, तर तुम्हीच म्हणा, "बसा."