माझ्या अंगावरची जेली

मी एक जुनी काचेची बशी आहे. तळहातावर मावेन एवढी, कडेला एक टवका उडालेली. प्रयोगशाळेतल्या मावशी मला धुताना म्हणतात, हिला टाकवत नाही. मित्रांनो, एवढं कौतुक मला जन्मभर पुरलं असतं. पण मध्येच ती आली.

आधी माझे सुखाचे दिवस सांगते. माझ्यावर जिवंत पेशी सोडल्या, की त्या हातपाय पसरून मला चिकटत. मी टणक, त्यामुळे त्यांना ओढायला भक्कम आधार मिळे. कशा घट्ट धरतात हिला, असं संशोधक ताई म्हणायची आणि मी फुगून जायची.

मग ताईने हृदयाच्या पेशी आणल्या. त्या धडधडल्या, तर त्यांच्यावर नवं औषध तपासता येणार होतं. माझ्यावर त्या पसरल्या, ताणल्या, चपट्या झाल्या आणि माझ्या टणकपणापुढे चार दिवसांत त्यांची धडधड थांबली. महिनाअखेर धडधड दिसली नाही तर हे काम बंद, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी ताईला बजावलं.

तेव्हा ताईने जेली बनवली. हृदयाच्या स्नायूइतकीच मऊ, बोट लावलं तर खळगा पडेल अशी. तिचा थर नेमका माझ्याच अंगावर ओतला. माझ्या उरावर बसून ही मिरवणार! माझा नुसता जळफळाट झाला.

पण घाईत ताई मला आधी चिकटद्रव्य लावायला विसरली. दुसऱ्या दिवशी जेली सुटली आणि पेशींसकट तरंगू लागली. खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. मग ताई स्टुलावर बसून रडायला लागली.

"मावशी, आता एकदाच पुरतील एवढ्या पेशी उरल्यात."

या वेळी तिने आधी चिकटद्रव्य लावून मला नीट तयार केलं, मग नवी जेली ओतली. सोडून द्यावं, असं मनात आलंच. पण ताईचा चेहरा आठवला आणि मी जेलीला धरून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पेशी धडधडल्या. बाई सूक्ष्मदर्शकातून बघतच राहिल्या.

"जेलीने कमाल केली गं," त्या म्हणाल्या.

माझं नावही नाही. ती धडधडसुद्धा मला जाणवली नाही, सगळी त्या मऊ बयेनेच गिळली.

पण मित्रांनो, तो सूक्ष्मदर्शक खालून बघतो, माझ्या आरपार. म्हणून एकच मागणं आहे, मला तारेच्या घासणीने घासू नका. ओरखडे पडले तर ताईला वरचं काही दिसणार नाही. ती जेली मला अजून डोळ्यांसमोर नको असते. उद्या पुन्हा तिलाच धरायचं आहे.