बारावी सुई

हिसाएने सुया तिसऱ्यांदा मोजल्या. अकराच भरल्या. हव्या होत्या बारा.

दारातल्या पायरीवर बसून तिची तेवीस वर्षांची लेक, चिनात्सू, बुटांच्या नाड्या बांधत होती. शेजारी चाकांची बॅग, आणि बॅगेत घडी घालून ठेवलेला झगा. दोन वर्षांत पोरगी पहिल्यांदा घराबाहेर पडत होती, आणि नेमकी आजच आईच्या हातातल्या सुया खोचायच्या उशीवर एक सुई कमी होती.

आता कुणी म्हणेल, एका सुईचं एवढं काय? असं म्हणणाऱ्याने लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात एक दिवस काढून दाखवावा. हिसाएने एकवीस वर्षं काढली होती. तिथे सुई तुटली की मशीन बंद, बायका गुडघ्यांवर, आणि शेवटचा तुकडा सापडून कागदावर चिकटेपर्यंत कुणी पाणीसुद्धा प्यायचं नाही. एकदा एका बाईने घाईपायी टोक सापडल्याचं खोटंच सांगितलं होतं. ते टोक एका तान्ह्या बाळाच्या मानेत गेलं. बाळ वाचलं देवाच्या दयेने, पण त्या बाईचा पांढराफटक चेहरा हिसाएच्या डोळ्यांसमोरून कधी हलला नाही. तेव्हापासून घरीसुद्धा सुया मोजल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

काल मात्र तिने मोजल्या नव्हत्या. आणि दिवस तरी कुठला निवडावा! आठ फेब्रुवारी, सुयांच्या विश्रांतीचा दिवस. वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या सुया देवळात न्यायच्या, सोयाबीनच्या मऊ पनीरात, तोफूत, खोचायच्या, दमलात गं बायांनो म्हणून हात जोडायचे, आणि त्या दिवशी शिवणाला शिवायचं नाही. तिच्या आईने हा नेम साठ वर्षं पाळला. पण चिनात्सूला सिनेमातल्या वेशात जायचं होतं तो मेळावा आजचा आणि झग्याचा घेर काल अर्धाच शिवून झालेला. हिसाएने पडदे ओढून घेतले, देवाला कुठे दिसतंय असं स्वतःला समजावलं आणि बसली. शेवटचा टाका घातला तो तिथेच डोळा लागला. आता भोगा.

त्या झग्याची कथा अशी. पहिल्याच नोकरीतून चिनात्सू एका दुपारी घरी आली, खोलीत शिरली, ती शिरलीच. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायचं, रिकामं उचलायचं, एवढंच काय ते नातं उरलं. मग गेल्या शरदात दाराखालून एक कागद सरकत आला. तळ्याच्या तळाशी राज्य करणाऱ्या राणीचा एक सिनेमा ती खोलीत पुन्हा पुन्हा बघत असे, आवाज भिंतीतून यायचा. त्या राणीचा झगा तिने काढला होता, पुढून, मागून, हूक कुठे लागतात तेही दाखवून. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, हे शिवता येईल का?

ज्या पोरीने दोन वर्षांत सोया सॉससुद्धा मागितला नाही तिने झगा मागितला. हिसाएने तिला अख्खं तळं शिवून दिलं असतं. आधी जुन्या चादरींवर बेतून पाहिलं. मग राखाडीच्या पाच छटा न्हाणीच्या टबात रंगवल्या, त्यापायी दोघींना आठवडाभर गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात जायची पाळी आली असती, पण पोरगी बाहेर पडेना, म्हणून दोघींनी घरीच बादलीवर भागवलं. माशाच्या कल्ल्यांसारख्या शेहेचाळीस चुणीदार पट्ट्या, सगळ्या हाताने. जानेवारीत चिनात्सू आपणहून बाहेरच्या खोलीत आली, खाली शेगडी असलेल्या गरम मेजाच्या गोधडीत पाय घालून बसली आणि पट्ट्या धरू लागली. आईची तिरकी चुणी बघून एकदा हसलीसुद्धा. नोकरीपायी सेंदाईला राहणाऱ्या नवऱ्याने फोनवर विचारलं, तेविसाव्या वर्षी परीराणीचे झगे शोभतात का? लग्नानंतर पहिल्यांदा हिसाएने त्याचा फोन मध्येच ठेवून दिला.

आणि आता हे! बोलावं, तर बॅग उघडावी लागणार, शेहेचाळीस पट्ट्या चाचपण्यात तास जाणार, नऊ बाराची गाडी चुकणार. एकदा ते बूट पायांतून निघाले की पुन्हा चढायचे नाहीत, हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. गप्प बसावं, तर सुई कुठे असेल? कमरेच्या पट्टीत? मानेच्या मागे? चारचौघांत पोरगी वाकेल आणि... धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हिसाएने चुंबक घेऊन गोधडी झटकली, मेजाखाली हात फिरवला. एक बटण मिळालं, आणि गेल्या सोमवारी भुतं पळवायला उधळलेले सोयाबीनचे चार दाणे. 

"आई," चिनात्सूने मान न वळवता विचारलं, "सुया मोजल्यास?"

 हो, सगळ्या आहेत, हे शब्द अगदी जिभेवर आले. त्या बाईच्याही जिभेवर असेच सहज आले असतील.

"मोजल्या," ती म्हणाली. "एक कमी आहे."

संपलं, असं तिला वाटलं. आता बूट निघणार, खोलीचं दार लागणार, पुन्हा ताटं ठेवायची आणि उचलायची. पण चिनात्सू तशीच बसून राहिली. मग तिने कोटाच्या खिशातून घडी केलेला रुमाल काढला आणि उलगडला. आत सुई होती, नाकात राखाडी दोरा तसाच.

"सकाळी मीच उशीतून काढून घेतली. तू चहा टाकत होतीस तेव्हा."

 हिसाएला आधी संताप आला, चांगली एक ठेवून द्यावी इतका. "अगं, जीव गेला असता माझा. का केलंस असं?"

"एक सुई कमी म्हटल्यावर तू मला जाऊ देणार नाहीस, माहीत होतं मला." पोरीचा आवाज चिरकला. "नाही जायचं असं मला म्हणवत नव्हतं. तू एवढं शिवलंस. तूच नको म्हणाली असतीस म्हणजे सुटले असते. मला फार भीती वाटतेय, आई."

राहू दे मग, नको जाऊस. केवढं सोपं होतं. घर, गोधडी, ताट, आणि पोरगी डोळ्यांसमोर. हिसाएला स्वतःचीच भीती वाटली, कारण तिला ते हवंहवंसं झालं. तिने ते शब्द गिळले आणि पायरीवर लेकीला खेटून बसली. उशी पुढे धरली.

"ठेव जागेवर."

चिनात्सूने दोनदा खोचली, दोनदा निसटली. सुई तिसऱ्यांदा उशीत बसली.

"आता मोज."

पोरीने मोठ्याने मोजल्या. बारा.  हिसाएने आपले बूट ओढले.

"स्टेशनपर्यंत येते."

"दहा पावलं मागून चाल. लोक बघतात."

"पाच."

"दहा म्हणजे दहा."

दार उघडलं. थंडीने दोघींचे डोळे पाणावले. चिनात्सूने टोपी खाली ओढली आणि बॅग ओढत निघाली, हिसाए जीव मुठीत धरून मागून. पोरीची पावलं अडखळत होती, दर घरागणिक ती परत फिरेल असं वाटत होतं. कोपऱ्यावर ती थांबली. हिसाएही जागच्या जागी थांबली. चिनात्सू वळली नाही, पुढेही गेली नाही. नुसती उभी राहिली, आई ती दहा पावलं चालून तिच्या शेजारी येईपर्यंत.