पुसलेला ठसा

नेवेना आज जिंकली तर टेनिसच्या जागतिक क्रमवारीतला तिचा पहिला गुण तिला मिळणार होता. एकोणीस वर्षांची पोर, व्यावसायिक झाल्यापासून सोम्बोर काय, क्रालेवो काय, गावोगावच्या स्पर्धा खेळत हिंडत होती. पण तो एक गुण काही हाती लागत नव्हता. आता सामना जिंकायला फक्त एक पॉइंट हवा होता.

वुकाशिन मामा कुंपणाला चिकटून सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला होता. भाचीच्या हातात रॅकेट दिली ती त्यानेच.

समोरच्या कालिनाचा चेंडू रेषेबाहेर पडला. झालं! नेवेना आनंदाने जागच्या जागी अशी नाचली, की विचारू नका.

"ठसा बघा," कालिना म्हणाली.

पंच खुर्चीवरून उतरले. पण ठसा उरला होता कुठे? बाईसाहेब त्याच्यावरच नाचल्या होत्या! लाल मातीवर चेंडूचा ठसा आपल्याच पायाने पुसला, की चेंडू आत पडल्याचं कबूल केल्यासारखं होतं. पॉइंट गेला कालिनाला.

"अगं भवाने!" मामाने कपाळावर हात मारला. "इतकी वर्षं भिंतीला शिकवत होतो का मी?"

"मामा, गप्प बस ना!" नेवेना रडवेली झाली. पंचांनी मामाकडे पाहून डोळे वटारले.

थोड्या वेळाने पुन्हा तीच संधी आली. कालिनाचा चेंडू रेषेपाशी पडला आणि पंच ओरडले, "बाहेर!" मामाने बियांची पुडी हवेत उडवली. कालिनाही मान खाली घालून हात मिळवायला निघाली. नेवेना मात्र ठशापाशी गेली, वाकून तिने नीट पाहिलं आणि बुटाने तो सावकाश पुसून टाकला.

पॉइंट पुन्हा कालिनाला! मामाने डोकं धरलं. पुन्हा तेच? हिला वेड लागलंय का? त्याच्याने पुढचं बघवेना. तो पाठ फिरवून उभा राहिला. चेंडूचे ठोके ऐकू येत होते, मग टाळ्या वाजल्या. कुणासाठी, देव जाणे.

"मामा! अरे मामा, जिंकले!"

मामाने तिला घट्ट मिठी मारली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण जीभ काही थांबेना. "पहिल्यांदा नाचलीस, ते समजू शकतो. दुसऱ्यांदा कसली अवदसा आठवली? जीव जायची वेळ आली माझा!"

"रेषेला लागला होता तो."

"पंच बाहेर म्हणाले होते ना?"

"त्यांना नीट दिसलं नाही. पहिलाच गुण आहे रे माझा, मामा. तो असा घेऊन आईला काय सांगितलं असतं?"

दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या मामाने डोळे पुसले. त्याने तिची जड बॅग उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"चल," तो म्हणाला, "भूक लागली असेल तुला."