दोन बोटांची फट

चौकटीत: जुनी जपानी गाडी. पांढरी, दोन दारांची, पुढचे दिवे झाकणांखाली मिटलेले. ओला डांबरी रस्ता. गाडी इतकी खाली बसलीय की मागच्या चाकाचा माथा मडगार्डच्या कमानीत शिरलाय. मधे बोट जाणार नाही.

चौकटीबाहेर: हा फोटो गॅरेजच्या भिंतीवर लावलाय, भिंतभर. भाऊ स्टुलावर उभा राहून पोलादी पट्टीने फोटोतलं चाक मोजतोय. मोजतो, उतरतो, खऱ्या गाडीपाशी उकिडवा बसतो आणि मागच्या मडगार्डवर निळी चिकटपट्टी लावतो. पट्टीखालचा पत्रा आज कापला जाणार. ग्राइंडर प्लगला लावून ठेवलाय.

त्याहून बाहेर, म्हणजे जे भावाला माहीत नाही: गाडी अशी कधी बसलीच नव्हती. चाक आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटांची फट होती. बहिणीने फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर गाडी दोन बोटं खाली ओढली. ती फर्निचरच्या दुकानांसाठी फोटो काढते. सोफ्याच्या सुरकुत्या पुसायच्या, कपाटाची दारं एका रेषेत आणायची, यावर तिचं पोट. हात तसाच वळलेला. फट दिसली की मिटवायची.

शटर वर गेलं. बहीण आत आली.

"ये. तुझी वाट बघत नव्हतो."

"ही पट्टी कसली?"

"निळी."

"नीट बोल, गंज्या."

"नीटच बोलतोय. लाल मिळाली नाही."

गंज्या हे नाव तिनेच ठेवलेलं. लहानपणी तो रस्त्यात पडलेला प्रत्येक खिळा खिशात घालून घरी आणायचा आणि आईचा मार खायचा. आता तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी या गाडीचा जीव खातो.

गाडी कोणाची, हे दोघं कधी बोलत नाहीत, फक्त भांडतात. सांगाडा तिचा. भंगाराच्या आवारात काटेरी झुडपाखाली तिला सापडला, हात ओरबाडून घेत तिनेच बाहेर काढला. इंजिन त्याचं. एका चेपलेल्या गाडीतून उपसून त्याने ते नट नट सुटं केलं आणि पुन्हा जुळवलं. वाटणी करायची तर एकाच्या पदरात न चालणारा डबा आणि दुसऱ्याच्या पदरात बसता न येणारा आवाज. म्हणून करार एकच, तोंडी: जे बोल्टने लागतं ते लावायचं, जे बोल्टने निघतं ते काढायचं. पत्रा कापायचा नाही. कापलेला पत्रा परत येत नाही.

"हे बोल्टनं निघतं?" तिने पट्टीवर नख मारलं.

"नाही ना. म्हणून तर ग्राइंडर."

"माझा सांगाडा आहे."

"मग ने उचलून. इंजिन ठेवून जा."

चौकटीत: माणसं हसतायत. जुन्या गाड्यांचा मेळावा, उघडलेली बॉनेटं, मांडलेल्या खुर्च्या. मधोमध इस्त्री. हे भावाच्या शर्यतीतल्या प्रतिस्पर्ध्याचं टोपणनाव. शर्यतीच्या कपड्यांनाही तो कडक घड्या पाडतो. त्याच्या हातात मोबाइल, मोबाइलवर भिंतीवरचाच फोटो. तो फोटो खऱ्या गाडीशेजारी धरून तो म्हणतोय (आवाज फोटोत येत नाही, पण तिथल्या प्रत्येकाला पाठ आहे):

"फोटोत बसलीय, इथं उभीच! लिफ्टवाल्याची गाडी हो, वरच्याच मजल्यावर थांबणार."

चौकटीबाहेर: भाऊ. तोंडावर हसू ओढून ताणून बसवलेलं, ढिल्या रबरासारखं. त्याने एकदाही म्हटलं नाही की फोटो खोटा असेल. बहिणीने काढलेला फोटो होता. त्याला वाटलं, त्या दिवशी गाडी बरोबर बसली होती, नंतर आपल्याच हातून काहीतरी बिघडलं.

मग तो बिघाड शोधत राहिला. आधी स्प्रिंगांवरची रबरं बदलली. मग स्प्रिंगा काढून फळीवर ठेवल्या आणि भंगारातल्या दुसऱ्या, वेढे कापून आखूड केलेल्या, लावल्या. गाडी खाली आली.

चौकटीत: शर्यत. वापरात नसलेली विमानांची धावपट्टी. वळणात झुकलेली पांढरी गाडी आणि मागच्या चाकातून उठलेला धूर, कापसासारखा. बहिणीच्या हातून इतका देखणा फोटो वर्षात निघाला नव्हता.

चौकटीबाहेर: तो धूर म्हणजे टायर मडगार्डच्या कडेवर सोलला जात होता. भावाने पेडलवरचा पाय उचलला. इस्त्री बाजूने निघून गेला. जाता जाता त्याने हात हलवला, तोही घडी घातल्यासारखा.

तर हे असं. फोटोसारखी दिसायला गाडी खाली आणली. खाली आणली म्हणून टायर घासला. टायर घासतो म्हणून आता पत्रा कापायचा.

"फोटोत का मोजत होतास?" बहिणीने विचारलं.

"त्यात घासत नाहीय ना. बघ की, चाक सरळ आत गेलंय. म्हणजे त्या दिवशी जागा होती. आता नाहीय. कुठे गेली, देव जाणे. मी करून घेतो."

त्याने चष्मा चढवला. कानांवर झाकणं.

"थांब," ती म्हणाली.

ग्राइंडर सुरू झाला.

"तो फोटो मी..."

ठिणग्या अजून नव्हत्या, नुसती चकती फिरत होती, पट्टीपासून वीतभर लांब. ती ओरडली. स्वतःचा आवाज तिच्याच कानापर्यंत पोचला नाही. तिने भिंतीपाशी जाऊन प्लग उपटला.

चकती गरगरत मंद झाली. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथली खिडकी उघडून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अहो खालचे! खुर्चीतला माणूस पळून गेला माझा! त्याला वाटलं, तो आवाज त्याच्यासाठी आहे!"

"येईल परत," भाऊ वर न बघता ओरडला. "दात थोडाच पळालाय!"

खिडकी आपटली.

"प्लग लाव, ताई."

"गाडी अशी नव्हती."

"काय?"

"फोटोतल्यासारखी. कधीच नव्हती. मी ओढली खाली. दोन बोटं. चाक आत गेलंय ना, ते मी घातलंय, माउसनं. अशी गाडी होऊ शकत नाही, पत्र्यातून चाक जातं का कुठे? तुला लिफ्ट कळते, एवढं कळू नये?"

शेवटचं वाक्य नको होतं. पण हे घराणंच असं, की माफीसुद्धा चपलेसारखी फेकून मारतात.

त्याने चष्मा काढला. भिंतीकडे बघितलं. गाडीकडे बघितलं. मग कोपऱ्यात पडलेल्या स्प्रिंगांच्या कापलेल्या वेढ्यांकडे.

"खोटं बोलतेस. पत्रा वाचवायला."

तिने पिशवीतून कॅमेरा काढला. मागच्या छोट्या पडद्यावर मूळ फोटो आणला आणि त्याच्या नाकासमोर धरला. तोच ओला रस्ता. तीच गाडी. मडगार्डखाली काळी फट, पडलेल्या दाताच्या जागेसारखी.

त्याने कॅमेरा हाताने बाजूला सारला.

"मग विचारायचंस ना मला," ती म्हणाली.

"काय विचारायचं? ताई, तू लबाड आहेस का, असं?"

"सगळेच करतात. इस्त्रीच्या गाडीचेसुद्धा..."

"तू तिथं होतीस." त्याचा आवाज वर गेला नाही, गेला असता तर बरं. "मेळाव्यात. ते हसत होते तेव्हा. कॅमेरा डोळ्याला लावून उभी होतीस. माझ्यावर हसणाऱ्यांचे फोटो काढत होतीस, ताई. एक शब्द बोलली असतीस. एक."

ती कॅमेऱ्याचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"आणि ओढलीस कशाला? मी बनवलेली बरी दिसत नव्हती?"

"नव्हती."

"हं."

"बेडकासारखी दिसत होती. उडी मारायच्या बेतात."

"मग बेडूक काढायचास. मला सोफा नको होता."

फोन वाजला. आई. भावाने स्पीकर लावला.

"दोघं एकत्र आहात? जिवंत?"

"आहोत."

"येताना तोंडं नीट करून या. एका पोटातून आलात, एका टाकीतून आल्यासारखे पेटता." फोन बंद.



त्याने जॅक ओढला. गाडीचं मागचं अंग वर उचललं. फळीवरच्या जुन्या, अख्ख्या स्प्रिंगा खाली घेतल्या. बहीण पाना द्यायला वाकली. त्याने तिच्या हाताखालून तो स्वतः उचलला.

"उजेडात उभी राहू नकोस."

ती बाजूला झाली. तिने भिंतीवरचा फोटो एका कोपऱ्यातून सोलायला घेतला.

"राहू दे तो. लोकांना दाखवायचाय. ताईची गाडी म्हणून."

आखूड स्प्रिंगा निघाल्या, जुन्या बसल्या. बोल्टने निघाल्या, बोल्टने लागल्या. जॅक उतरला तशी गाडी एकदा हलली आणि उभी राहिली. उंच, बावळट, फट दाखवत. निळी पट्टी अजून मडगार्डवरच होती. त्याने ती ओढली. पत्रा अख्खा होता. त्यावर हात मात्र त्याने फिरवला नाही; पत्रा तिचा होता.

"काढ फोटो."

"आत्ता? कपडे बघ तुझे."

"काढ. आणि आज पाठव सगळ्यांना. इस्त्रीला आधी."

ती गुडघ्यावर बसली. डोळा लावला. सवयीने तिची नजर आधी फटीवरच गेली, आणि तिला ठाऊक होतं की त्यालाही ते दिसलं.

तो चाकाशी आला. खाली बसला. दोन बोटं, मधलं आणि तर्जनी, ग्रीसने काळी, एकाचं नख ठेचून निळं पडलेलं, टायर आणि मडगार्ड यांच्या मधे घातली. बरोबर बसली.

"बोटं काढ. फोटोत येतायत."

"येऊ देत."

"गंज्या."

"आता ओढ खाली."